मांडवीच्या बांधावरून

प्रवास कोणत्या वाहनाने करावा, या प्रश्नाचे उत्तर आपणांस काय पाहावयाचे आहे यावर अवलंबून असते. आगगाडीच्या खिडकीतून मुलूख दिसतो, पण तो पाहता पाहता मागे पडतो. मोटारीत बसणाऱ्यास मुख्यतः रस्ताच दिसतो. पायी जाणाऱ्यास सारे काही दिसते. परंतु दिवस मावळेपर्यंत मुक्कामाचे गाव येईलच, याची शाश्वती त्याला नसते. सायकलीचा वेग या दोहोंच्या मधला आहे. थांबावेसे वाटले की पाय टेकावा, कोणाला काही विचारावेसे वाटले की उतरावे, नदी आडवी आली की सायकल फेरीबोटीवर चढवावी. आणि जेथे मोटारीचे चाक जाणार नाही अशा अरुंद वाटेवर ती हाताने धरून न्यावी. गोव्यात तर सायकल आणि खेडे यांचे नाते पहाटेपासूनच जुळते. गरम पावांची टोपली घेऊन येणारा पोदेर भोंपू वाजवीत सायकलीवरूनच दारात येतो.

श्रोतेहो, ज्या सफरीच्या निमित्ताने मी आज बोलणार आहे, ती काही फार लांबची नव्हे. आमच्या शाळेच्या वरच्या वर्गांतील अकरा विद्यार्थी आणि आम्ही दोघे शिक्षक असे तेराजण, पावसाळा सरून भाताची कापणी झाल्यावर एका शनिवारी पणजीहून निघालो. पणजी, रायबंदर, जुने गोवे. तेथून फेरीने दिवाडी बेट. बेट ओलांडून पुन्हा फेरीने नार्वे. मग मये गावावरून चोडण, आणि चोडणाहून फेरीने परत रायबंदर, असा हा फेरा आहे. सारे अंतर मिळून तीस-पस्तीस किलोमीटर भरते. रमतगमत गेले तरी एका दिवसात ते पुरे होते. परंतु या एका दिवसात मांडवी नदी आपल्याला कित्येक शतकांतून हिंडवून आणते.

ही मांडवी म्हणजे बेळगावकरांची म्हादईच होय. खानापूर तालुक्यातील भीमगडच्या रानात ती उगम पावते, सत्तरीच्या डोंगरांतून खाली उतरते, आणि समुद्राजवळ आल्यावर तिचा स्वभाव पालटतो. येथे ती नुसती वाहत नाही. दिवसातून दोनदा ती चढते आणि दोनदा उतरते. भरतीबरोबर समुद्राचे खारे पाणी आत शिरते आणि ओहोटीबरोबर मागे फिरते. पावसाळ्यात गोडे पाणी त्याला रेटून धरते. उन्हाळ्यात हा जोर ओसरला की खारे पाणी पुष्कळच आतपर्यंत पोचते. मांडवीकाठच्या माणसाचा सारा इतिहास हा या खाऱ्या आणि गोड्या पाण्याच्या भांडणात मध्यस्थी करण्याचा इतिहास आहे. आम्ही ज्या वाटेने गेलो तिच्यावर या मध्यस्थीचे दोन नमुने लागतात; एक दगडाचा आणि दुसरा मातीचा.

दगडाचा नमुना पणजी सोडताच सुरू होतो. पाटो पूल ओलांडला की रायबंदरपर्यंत रस्ता सरळ पाण्याच्या कडेने जातो. डाव्या हाताला मांडवीचे विस्तीर्ण पात्र, उजव्या हाताला खारफुटी आणि एके काळची मिठागरे. हा रस्ता म्हणजे जमीन नव्हे, तो एक बांध आहे. काउंट ऑफ लिन्यारिश हा किताब धारण करणाऱ्या मिगेल द नोरोन्य या व्हाइसरॉयच्या कारकिर्दीत, १६३३-३४ या काळात तो बांधला गेला, आणि म्हणून त्याला आजही लिन्यारिशचा पूल म्हणतात. त्याची लांबी सुमारे ३.२ किलोमीटर आहे. दलदलीवर दगडी भिंत सलग उभी केली असती, तर भरतीचे पाणी एका बाजूस कोंडून तिने बांधालाच धक्के दिले असते. म्हणून ठिकठिकाणी कमानी ठेवून पाण्याला ये-जा करण्यास वाट करून दिलेली आहे. सुमारे चारशे वर्षांपूर्वीचे हे काम आजही वाहतुकीचा भार वाहत आहे. त्याच मांडवीवर विसाव्या शतकात बांधलेला मोठा पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला, ही गोष्ट मुलांना सांगितली तेव्हा ती सायकलींवरून उतरून कमानीतून जाणारे पाणी पाहत बराच वेळ उभी राहिली.

या बांधाला व्हाइसरॉयचे नाव मिळाले, हे इतिहासाच्या नेहमीच्या रीतीस धरूनच झाले. परंतु लिस्बनहून आलेल्या सरदाराला मांडवीच्या चिखलाची ओळख असण्याचे कारण नव्हते. या गाळात काय टिकते आणि काय खचते, भरतीचा जोर कोणत्या महिन्यात किती असतो, हे ज्यांच्या हातापायांना ठाऊक होते, ती माणसे याच काठावरची होती. दलदलीत बांध घालण्याची विद्या येथे पोर्तुगीज येण्यापूर्वीपासून चालत आलेली होती. राज्यकर्त्यांनी तिला दगड आणि पैसा पुरविला. ज्यांनी चिखलात उभे राहून चिरे रचले त्यांचे नाव कोणत्याही कमानीवर कोरलेले नाही.

रायबंदर मागे टाकून आम्ही जुन्या गोव्यास पोचलो. येथील भव्य चर्चवास्तू पाहण्यास देशोदेशीचे लोक येतात, आणि १९८६ पासून या वास्तू जागतिक वारसा म्हणून गणल्या जातात. माझ्यासारख्या ख्रिस्ती घरात वाढलेल्या माणसाचे पाय येथे आपोआप हळू पडतात. परंतु मुलांना मी त्या दिवशी वास्तूंपेक्षा वास्तूंच्या मधली मोकळी जागा पाहावयास सांगितले. २५ नोव्हेंबर १५१० रोजी आफोंसो द अल्बुकर्कने आदिलशाहाच्या फौजेकडून हे शहर घेतले, आणि पुढे शतकभर ते पूर्वेकडील पोर्तुगीज सत्तेचे केंद्र होऊन राहिले. मोझांबिकपासून मकावपर्यंतच्या ठाण्यांचा कारभार येथून चाले. ती घरे, ते बाजार, ते राजवाडे आज कोठे आहेत? चर्चच्या आजूबाजूस माडांच्या बागा आणि गवत आहे.

या शहराला कोणा शत्रूने जाळले नाही. ते रोगराईने मेले. पटकी आणि हिवतापासारख्या साथी पुनःपुन्हा आल्या. जांभ्या दगडाची जमीन सच्छिद्र असते. तिच्यातून मैलापाणी झिरपून विहिरींचे पाणी दूषित होत असावे, असे एक कारण अभ्यासक देतात. लोक शहर सोडू लागले. १७५९ साली खुद्द व्हाइसरॉयने आपला मुक्काम पणजीस, आदिलशाही वाड्यात हलविला. १८४३ साली पणजी रीतसर राजधानी झाली. १७७६ मध्ये से कॅथेड्रलचा एक मनोरा ढासळला. संत ऑगस्टीनच्या मठाचे छत १८४२ मध्ये कोसळले. जुन्या इमारतींचे दगड काढून नव्या राजधानीच्या बांधकामासाठी नेण्यात आले, आणि त्या वाहतुकीस लिन्यारिशचा बांध उपयोगी पडला असल्यास नवल नाही. ज्या रस्त्याने राजधानीचे वैभव वाढावे म्हणून खर्च केला, त्याच रस्त्याने राजधानी उठून निघून गेली.

व्हाइसरॉयच्या कमानीखालून उतार धक्क्याकडे जातो. सतराव्या शतकात नवा व्हाइसरॉय समारंभपूर्वक या कमानीतून शहरात प्रवेश करी. आम्ही तेराजण उलट दिशेने, सायकली हाताने ढकलीत, फेरीबोटीकडे गेलो. पात्र ओलांडावयास काही मिनिटे पुरतात. पण पलीकडे उतरताच इतिहासाचा दुसरा नमुना, मातीचा नमुना, सुरू होतो.

दिवाडी बेटावर फेरीतून उतरले की पिएदादच्या टेकडीपर्यंत रस्ता भातशेतांमधून जातो. ही शेते पाहताना एक गोष्ट लक्षात येते. मुलांपैकी एकीच्या ती आमच्या आधी लक्षात आली. तिने विचारले, “सर, नदीचे पाणी वर आणि शेत खाली कसे?” भरतीची वेळ होती, आणि खरोखरच बांधापलीकडच्या पाण्याची पातळी अलीकडच्या शेतापेक्षा उंच होती. या जमिनीला खाजन म्हणतात. गोव्यात अशी जमीन सुमारे १८ हजार हेक्टर असल्याचे सांगितले जाते. मुळात ही नदीच्या मुखाजवळची खारी दलदल; कोणे एके काळी माणसांनी चिखल, पेंढा आणि चिरे यांचे बांध घालून ती पाण्याकडून मागून घेतली.

नुसता बांध घालून शेती होत नाही. पावसाचे पाणी बाहेर जाण्यास वाट हवी. त्यासाठी बांधात मानस बसविलेली असते. मानस म्हणजे लाकडी दारांची मोरी. हिची रचना इतकी साधी की ती पाहून शहाण्या माणसाने लाजावे. दारे अशा रीतीने टांगलेली असतात की भरती आली म्हणजे बाहेरच्या पाण्याच्या दाबानेच ती मिटतात आणि खारे पाणी शेतात शिरू देत नाहीत. ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या दाबाने तीच दारे उघडतात आणि साठलेले पाणी नदीत जाते. यंत्र नाही, इंधन नाही. समुद्र स्वतःच दार लावतो आणि स्वतःच उघडतो. बांधाच्या आत पाण्याचा एक साठा राखलेला असतो, त्याला पोंय म्हणतात. पावसाळ्यात मुसळधार पाऊस जमिनीतील खार धुऊन काढतो आणि मग कोरगुटासारखे थोडा खार सोसणारे भात तेथे पिकते. ओहोटीच्या वेळी मानशीच्या तोंडाशी जाळे लावून मासे आणि झिंगे धरले जातात. काही ठिकाणी उन्हाळ्यात मीठही पिकविले जात असे. एकाच पाण्यातून भात, मासळी आणि मीठ, आणि तेही एकमेकांना बाध न आणता.

आता थोडा विचार करावा. नदीच्या एका तीरावर असे शहर होते की ज्याच्या आज्ञेने जहाजे सातासमुद्रांवर फिरत. त्याला आपल्या विहिरींचे पाणी निर्मळ राखता आले नाही. दुसऱ्या तीरावर शेतकरी होते. त्यांच्यापाशी ना तोफा ना तिजोरी, आणि त्यांनी एका लाकडी दाराने समुद्राला शिस्त लावली होती. शहर गेले, खाजन राहिले.

ते राहिले याचे कारण केवळ कारागिरीत नाही. ते माणसांच्या व्यवस्थेत आहे. बांध कोणा एकाचा नसतो. तो एका ठिकाणी फुटला तर साऱ्या गावाचे शेत खारावते, आणि खारावलेली जमीन पूर्ववत होण्यास काही पावसाळे जावे लागतात. म्हणून बांधाची राखण हे गावाचे सामाईक कर्तव्य होते. ते पार पाडणारी संस्था म्हणजे गांवकरी. पोर्तुगीज भाषेत तिला कोमुनिदाद म्हणत. जमीन गावाची, ती लिलावाने कसावयास द्यावयाची, उत्पन्नातून बांधाची दुरुस्ती, देवस्थानाचा आणि गावाचा खर्च भागवावयाचा, आणि जे उरेल ते गांवकरांनी जोण म्हणून वाटून घ्यावयाचे, अशी ही रीत होती. पोर्तुगीज आले तेव्हा ती जुनीच होती. १५२६ साली आफोंसो मेशिय याच्या वेळी या रीतिरिवाजांची लेखी सनद तयार झाली, तिला फोराल म्हणतात. जिंकल्यावर सोळा वर्षांच्या आतच जेत्यांनी जितांची ग्रामव्यवस्था लिहून काढून मान्य केली. त्यात औदार्यापेक्षा हिशेब अधिक होता. बांध फुटला तर भात बुडते, आणि भात बुडाले तर सारा बुडतो.

या व्यवस्थेचे गुणगान गाताना तिची उणीवही सांगितली पाहिजे. गांवकर ही पदवी पुरुषांच्या वंशपरंपरेने चाले; स्त्रियांना तिच्यात वाटा नव्हता. जे प्रत्यक्ष चिखलात उतरून बांध लिंपीत, त्यांच्यापैकी पुष्कळांना जोण मिळत नसे. बांध सर्वांचा होता, फळ मात्र सर्वांचे नव्हते. १९६१ साली गोवा मुक्त झाल्यावर १९६४ चा कूळ कायदा आला, १९७६ च्या दुरुस्तीने कसेल त्याची जमीन हे तत्त्व आले, आणि पिढ्यानपिढ्या दुसऱ्याची जमीन कसणाऱ्यांना न्याय मिळाला. तो मिळावयासच हवा होता. परंतु जमिनीची वाटणी करणे सोपे असते, बांधाची वाटणी करता येत नाही. गांवकरीचा हात सुटला. कुळांच्या संघटनांकडे जबाबदारी आली खरी, पण सर्वत्र ती सारख्याच निष्ठेने उचलली गेली नाही. आणि पुष्कळ ठिकाणी लोक सरकारच्या वाटेकडे पाहत बसले. नोकरीसाठी तरुण मुंबईस, आखातात, परदेशी गेले. लोहखनिज वाहून नेणाऱ्या बार्जांच्या लाटांनी बांध खचतात, अशी शेतकऱ्यांची तक्रार होती. २०१२ साली खाणकाम बंद पडले तेव्हा नदी काही काळ शांत झाली. परंतु बांध काही आपोआप दुरुस्त झाले नाहीत.

बांधावर एक वयस्कर शेतकरी आम्हांला भेटले. मुले त्यांना काका म्हणू लागली. त्यांनी कोंकणीत जे सांगितले त्याचा आशय असा: मास्तर, मानशीचे दार कुजले आहे हे एका दिवसात कळत नाही. पहिल्या वर्षी एक कोपरा पिवळा पडतो, दुसऱ्या वर्षी अर्धे शेत. तिसऱ्या वर्षी पेरावयास कोणी येत नाही, आणि चौथ्या वर्षी तेथे खारफुटी उभी राहते. एका मुलाने त्यांना विचारले की, मग खारफुटी वाईट का? ते हसले आणि म्हणाले, तिच्या जागी ती चांगली. ती बांधाच्या बाहेर उभी राहून बांध राखते. आत आली तर समजावे की आपण घर सोडले. याहून नेमका भूगोलाचा धडा मी वर्गात देऊ शकलो असतो, असे मला वाटत नाही.

दिवाडीच्या दुसऱ्या टोकास उतरलो की पुन्हा फेरी, आणि पलीकडे नार्वे. येथे श्रीसप्तकोटेश्वराचे देवालय आहे. सप्तकोटेश्वर हे गोव्याच्या कदंब राजांचे आराध्य दैवत. त्याचे मूळ स्थान आम्ही नुकत्याच ओलांडलेल्या दिवाडी बेटावर होते. सोळाव्या शतकात पोर्तुगीज अमलात ते देवालय पाडले गेले आणि भक्तांनी देवाला नदीपार, त्या वेळी पोर्तुगीजांच्या हद्दीबाहेर असलेल्या डिचोली महालात नेले. १६६८ साली छत्रपती शिवाजी महाराजांनी येथील देवालयाचा जीर्णोद्धार करविला. त्याचा शिलालेख दारावर आहे. अलीकडे झालेल्या दुरुस्तीनंतर २०२३ साली ते पुन्हा भाविकांना खुले झाले. आमच्या मेळ्यात हिंदू मुले होती आणि ख्रिस्ती मुलेही होती. देवालय कोणी पाडले आणि कोणी बांधले, हे मी त्यांना जसे घडले तसे सांगितले. आपल्या धर्माचे नाव घेऊन झालेला जुलूमही ख्रिस्ती शिक्षकाने मुलांपासून लपवू नये, असे माझे मत आहे. त्याबरोबरच आणखी एक गोष्ट सांगितली. धर्मांतरानंतर एकाच गावातली, कधी कधी एकाच कुळातली माणसे वेगळ्या देवळांत जाऊ लागली. परंतु बांध एकच राहिला. खारे पाणी शेतात शिरताना कोणाचे शेत आहे ते विचारीत नाही, आणि म्हणून ते अडविणाऱ्यांनाही एकत्र येण्यावाचून गत्यंतर नव्हते.

परतीच्या वाटेवर मयेच्या झाडीतून चोडणास आलो. या बेटाच्या पश्चिम टोकास खारफुटीचे दाट वन आहे. १९८८ साली ते डॉ. सलीम अली यांच्या नावाने पक्षी अभयारण्य म्हणून घोषित झाले. त्याचे क्षेत्र १.७८ चौरस किलोमीटर आहे. खंड्या, बगळे आणि थंडीत येणारे पाहुणे पक्षी तेथे दिसतात. रस्त्याच्या बाजूस मात्र काही शेते पडीक दिसली, आणि काकांचे बोलणे ऐकलेल्या मुलांनी ती कोणत्या वर्षात आहेत, दुसऱ्या की तिसऱ्या, याची आपापसांत चर्चा सुरू केली. फेरीची वाट पाहताना त्यांनी धक्क्यालगतच्या बांधावर कोठे चिरे निसटले आहेत तेही मोजले.

२०११ च्या किनारी नियमन अधिसूचनेत गोव्यातील खाजनांचा स्वतंत्र विचार झाला आहे, ही चांगली गोष्ट आहे. परंतु कायदा भराव घालणाऱ्यास अडवू शकतो. कुजलेले दार बदलावयास तो बांधावर येत नाही. जुन्या गांवकरीचा अन्याय परत आणण्याची गरज नाही आणि तो आणताही येणार नाही. तिचे जे एक सूत्र होते, की बांध हा सर्वांचा असल्यामुळे त्याची वर्षाकाठी पाहणी आणि दुरुस्ती ही प्रत्येकाची आहे, तेवढे मात्र नव्या रीतीने, स्त्रियांसह आणि कसणाऱ्यांसह, पुन्हा उभे करता येईल. ज्या गावांत आजही शेतकरी एकत्र येऊन मानशी राखतात तेथे भात पिकते आहे. तेव्हा हे काम अशक्य आहे असे कोणी म्हणू नये.

ज्यांना ही सफर करावयाची असेल त्यांनी पावसाळ्यानंतर, भरती-ओहोटीच्या वेळा आधी पाहून निघावे. भरतीच्या वेळी दिवाडीवर असावे, म्हणजे बांधाचे मोल डोळ्यांना दिसेल. हवा भरण्याचा पंप आणि पंक्चरचे सामान बरोबर ठेवावे. मातीच्या बांधावर सायकल चालवू नये. चाकांनी कडा ढासळतात. सायकल डांबरी रस्त्यावर लावून बांधावर पायी जावे, आणि जो कोणी तेथे काम करीत असेल त्याला एवढेच विचारावे, की या मानशीची दारे शेवटची केव्हा बदलली होती. तो सांगेल ते वहीत तारखेसह लिहून ठेवावे. आमच्या मुलांनी तशी वही सुरू केली आहे. पुढल्या वर्षी पाऊस सरल्यावर नवी तुकडी तीच वही घेऊन त्याच वाटेने जाणार आहे.